मुलाच्या फिटचा उगम शोधताना : कोणता स्कॅन, कधी आणि कशासाठी

दोन औषधं देऊन झाली, डोस वाढवून झाले, गोळ्या एकदाही चुकल्या नाहीत, तरी मुलाच्या फिट थांबत नाहीत. अशा टप्प्यावर आलेल्या आई-वडिलांसाठी हा लेख आहे. 'इंटरनॅशनल लीग अगेन्स्ट एपिलेप्सी' या संघटनेने २०१० मध्ये ठरवलेल्या व्याख्येनुसार, योग्य निवडलेली आणि योग्य प्रमाणात दिलेली दोन औषधं लागू पडली नाहीत, की तो अपस्मार, म्हणजे वारंवार फिट येण्याचा आजार, औषधांना दाद न देणारा मानायचा. तिसरं, चौथं औषध देऊन बघायला हरकत नाही, पण त्याने फिट पूर्ण थांबण्याची शक्यता कमी असते. म्हणून ते औषध सुरू असतानाच उगमाचा शोध सुरू व्हायला हवा. अनेक मुलांच्या बाबतीत तो काही वर्षं उशिरा सुरू होतो आणि वाढत्या वयातली ती वर्षं परत मिळत नाहीत.

प्रत्येक मुलाला या वाटेने जावं लागत नाही. शाळकरी वयात काही सेकंद टक लावून थांबण्याच्या ठरावीक प्रकारच्या फिट, किंवा झोपेत तोंडाच्या एका बाजूला झटके येणारा आणि वयात येताना आपोआप जाणारा प्रकार, यांचं चित्र ईईजीवर, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरींच्या आलेखावर, इतकं ठळक असतं की बहुतेकदा एमआरआयचीही गरज पडत नाही. ड्रॅव्हे सिंड्रोमसारख्या जनुकीय आजारात मेंदूत काढून टाकण्यासारखी एक जागा नसते. खालचं सगळं आहे ते एका जागेतून फिट सुरू होत असल्याचा संशय असलेल्या मुलांसाठी.

आधी फिट, मग फोटो

कुठलाही स्कॅन एका प्रश्नाचं उत्तर देतो आणि तो प्रश्न फिटच्या वर्णनातून तयार होतो. 'उजव्या पुढच्या भागात काही दिसतं का, नीट बघा' असं सांगून केलेला एमआरआय आणि नुसता 'फिट येतात' एवढंच लिहून केलेला एमआरआय, या दोन्हींत दिसणाऱ्या गोष्टी वेगळ्या असू शकतात, मशिन एकच असलं तरी. म्हणून पहिलं काम घरच्या लोकांचं आहे.

फोनवर व्हिडिओ काढा. पांघरूण बाजूला करा, दिवा लावा, पूर्ण अंग फ्रेममध्ये येऊ द्या आणि फिट संपल्यावर लगेच रेकॉर्डिंग बंद करू नका. सगळ्यात महत्त्वाचे असतात पहिले दहा सेकंद, आणि नेमके तेच बहुतेक व्हिडिओत नसतात. तेव्हा जे डोळ्यांनी दिसलं ते त्याच दिवशी लिहून ठेवा. फिटच्या आधी मूल काही सांगतं का? पोटातून काहीतरी वर चढल्यासारखं वाटणं आणि एकाएकी भीती वाटणं हे कानशिलामागच्या, म्हणजे टेम्पोरल भागाकडे बोट दाखवतं. रंगीत ठिपके किंवा दिवे दिसत असतील तर डोक्याचा मागचा भाग. कारण नसताना, आनंद नसताना हसण्याच्या फिट येत असतील तर मेंदूच्या खोल भागातल्या हायपोथॅलॅमसमध्ये एक छोटी गाठ आहे का, हे मुद्दाम पाहावं लागतं.

मग बाजू. आधी कोणता हात ताठ झाला, डोकं कुठे वळलं, तोंडाचा कोणता कोपरा ओढला गेला. मेंदूची उजवी बाजू शरीराची डावी बाजू चालवते, त्यामुळे डाव्या हाताचे झटके उजवीकडे नेतात. फिट संपल्यावर एक हात काही वेळ लुळा पडला, किंवा मूल शुद्धीवर आलं पण शब्द सापडेनात, हेही लिहा. एक बारीक गोष्ट घरच्यांच्या सहसा लक्षात येत नाही. टेम्पोरल भागातून येणारी फिट संपता संपता मूल अनेकदा हाताने नाक पुसतं, आणि तो हात बहुधा उगम असलेल्याच बाजूचा असतो, कारण दुसरा हात अजून सावरलेला नसतो. लहान मुलांत ही खूण मोठ्यांइतकी भरवशाची नाही, पण वहीत नोंद असलेली बरी.

व्हिडिओ ईईजी

यात मूल रुग्णालयात काही दिवस राहतं. डोक्याला इलेक्ट्रोड लावलेले, समोर कॅमेरा चालू. फिट येईपर्यंत थांबायचं. गरज पडली तर औषधं हळूहळू कमी केली जातात, पण ती फक्त तिथे, देखरेखीखाली. घरी स्वतःच्या मनाने गोळी बंद केल्यास न थांबणारी फिट येऊ शकते आणि ती जिवावर बेतते.

मोठ्या माणसांच्या ईईजीचे नियम लहान मुलांना जसेच्या तसे लावता येत नाहीत, हे पालकांनी जरूर लक्षात ठेवावं. बाळाच्या मेंदूत एकाच बाजूला जन्मजात दोष असला तरी ईईजीवरचा गोंधळ दोन्ही बाजूंना पसरलेला दिसू शकतो. एकदम दचकून अंग दुमडण्याच्या फिट, ज्यांना इन्फन्टाइल स्पॅझम म्हणतात, त्यांत हे वारंवार घडतं. 'ईईजी सगळीकडे खराब आहे, म्हणजे शस्त्रक्रियेचा प्रश्नच नाही' हा निष्कर्ष अशा बाळाच्या बाबतीत घाईचा ठरतो. एमआरआयवर एका बाजूला दोष दिसत असेल तर अपस्मार शस्त्रक्रिया करणाऱ्या केंद्राचं मत घ्यायलाच हवं.

एमआरआय : साधा नको, अपस्मारासाठीचा हवा

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ आणि पैसा वाया जातो तो इथे. मुलाला भूल देऊन एमआरआय होतो, रिपोर्ट 'नॉर्मल' येतो आणि काही महिन्यांनी दुसरे डॉक्टर तोच एमआरआय पुन्हा करायला सांगतात. कारण पहिला स्कॅन जाड कापांचा असतो आणि दोन कापांमध्ये मोकळी जागा सोडलेली असते. काही मिलिमीटरचा दोष त्या मोकळ्या जागेत सहज हरवतो.

अपस्मारासाठी किमान काय हवं हे वर उल्लेख केलेल्या संघटनेच्या गटाने २०१९ मध्ये 'हार्नेस' नावाच्या नियमावलीत मांडलं. त्यात तीन गोष्टी आहेत (टी-वन, फ्लेअर आणि टी-टू ही एमआरआयच्या चित्रांच्या प्रकारांची नावं): एक मिलिमीटर जाडीचा, मध्ये जागा न सोडलेला त्रिमितीय टी-वन, तसाच त्रिमितीय फ्लेअर, आणि हिप्पोकॅम्पस या स्मरणाशी संबंधित भागाच्या लांबीला काटकोनात घेतलेला बारीक टी-टू. शक्य असेल तिथे तीन टेस्लाचं, म्हणजे जास्त ताकदीच्या चुंबकाचं मशिन. अपॉइंटमेंट घेतानाच 'हार्नेस पद्धतीने करता का?' असं विचारा. फॉर्मवर फिटचं वर्णन आणि संशयाची बाजू डॉक्टरांकडून लिहून घ्या. काँट्रास्टचं इंजेक्शन दरवेळी लागत नाही. गाठ, संसर्ग किंवा चेहऱ्यावर जन्मतः लाल डाग असलेला स्टर्ज-वेबर यांचा संशय असेल तर ते उपयोगी पडतं.

शोध कशाचा असतो? मुलांमध्ये सगळ्यात नेहमीचा गुन्हेगार म्हणजे फोकल कॉर्टिकल डिस्प्लेझिया. गर्भात मेंदूचं बाहेरचं आवरण घडताना एका ठिकाणी पेशींची मांडणी बिघडते आणि तो तुकडा पुढे फिट पेटवत राहतो. १९७१ मध्ये डेव्हिड टेलर आणि सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेत काढलेल्या मेंदूच्या तुकड्यांवरून याचं वर्णन केलं. स्कॅनवर आवरण थोडं जाड दिसतं, करड्या आणि पांढऱ्या भागामधली रेघ पुसट होते, कधी तिथून खोल पोकळीकडे जाणारा शेपटीसारखा पांढरट पट्टा दिसतो. हा दोष मेंदूच्या एखाद्या घडीच्या तळाशी लपलेला असला तर अनुभवी नजरेतूनही सुटतो. याशिवाय हिप्पोकॅम्पस आक्रसणं, सावकाश वाढणाऱ्या छोट्या गाठी, ट्युबरस स्क्लेरोसिस या जनुकीय आजाराच्या गाठी, जन्माच्या सुमाराचा पक्षाघात, मेंदूचा एक अर्धगोलच मोठा असणं, आणि एका बाजूचा मेंदू हळूहळू सुकवणारा रासमुसेन आजार, अशी कारणं असतात.

वयाचा हिशेबही आहे. मज्जातंतूंवरचं मायलिनचं आवरण पहिली दोन वर्षं तयार होत असतं आणि त्याबरोबर एमआरआयवरचे करडे-पांढरे रंग बदलत जातात. साधारण सहा महिन्यांच्या आत काही दोष चांगले दिसतात. पुढे दीड-दोन वर्षांपर्यंत रंगांमधला फरकच इतका कमी होतो की दोष मिसळून जातो, आणि मग अडीच वर्षांच्या सुमारास पुन्हा वर येतो. त्यामुळे वर्षभराच्या बाळाचा स्कॅन नॉर्मल आला आणि फिट सुरूच राहिल्या, तर मोठं झाल्यावर तो पुन्हा करणं गरजेचं असतं. तसंच बाळपणीचा जुना स्कॅन फेकू नका, त्यात दिसलेलं कदाचित नव्यात दिसणार नाही.

खूप वेळ चाललेल्या फिटनंतर लगेच केलेल्या एमआरआयमध्ये सूज दिसू शकते. ती फिटचा परिणाम असते, कारण नसतं. काही आठवड्यांनी पुन्हा पाहिल्याशिवाय त्यावरून काही ठरवू नये.

भुलेबद्दल थोडं. अगदी तान्ह्या बाळाला दूध पाजून, गुंडाळून, झोपेत स्कॅन करता येतो. शाळकरी मूल समजूतदार असेल तर मशिनच्या आवाजाचं रेकॉर्डिंग घरी ऐकवून, पुतळ्यासारखं पडून राहण्याचा सराव करून घेता येतो. मधल्या वयाला बहुतेकदा भूल लागते. उपाशी किती तास ठेवायचं हे भूलतज्ज्ञ सांगतील ते अचूक पाळा, पण फिटचं सकाळचं औषध चुकवू नका. घोटभर पाण्यासोबत द्यायचं का, ते आदल्या दिवशीच विचारून ठेवा. मूल किटोजेनिक, म्हणजे फिटसाठी दिल्या जाणाऱ्या भरपूर स्निग्ध आणि अगदी कमी साखर-पिष्टाच्या आहारावर असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना ठळकपणे सांगा, कारण ग्लुकोजचं सलाइन किंवा साखरेचं सिरप त्या आहाराचा परिणाम घालवतं. शरीरात व्हेगस नर्व्ह स्टिम्युलेटर (फिट कमी करण्यासाठी बसवलेलं विजेचं यंत्र), कानातलं इम्प्लांट, दातांच्या तारा असं काही असेल तर तेही आधीच कळवा. दातांच्या तारांमुळे चित्राचा पुढचा भाग अक्षरशः काळा पडतो.

'नॉर्मल' रिपोर्ट हातात आल्यावर

रिपोर्टचा कागद आणि स्कॅन या दोन वेगळ्या वस्तू आहेत. कागदावर एका माणसाचं एका दिवसाचं मत असतं. मूळ प्रतिमा सीडीवर किंवा पेनड्राइव्हवर डायकॉम, म्हणजे संगणकावर उघडता येणाऱ्या मूळ फाइलच्या स्वरूपात मागून घ्या, फिल्म पुरेशी नाही. मग ईईजी आणि व्हिडिओसह त्या अपस्मारात काम केलेल्या रेडिओलॉजिस्टला दाखवा. कुठे बघायचं हे कळल्यावर आधी 'नॉर्मल' म्हटलेल्या स्कॅनमध्ये दोष सापडणं हे या क्षेत्रात नेहमी घडतं.

संगणकाची मदतही आता मिळते. आवरणाची जाडी, घडीची खोली, करड्या-पांढऱ्याची सीमा हे सगळं मोजून निरोगी मेंदूंशी ताडून पाहणारे प्रोग्राम आहेत. अनेक देशांतल्या केंद्रांनी मिळून उभ्या केलेल्या 'मेल्ड' प्रकल्पाचा प्रोग्राम त्यांतलाच. तो संशयाच्या जागा दाखवतो, पण निरपराध जागांवरही खूण करतो. त्या खुणेवर डॉक्टरांनी पुन्हा नजर टाकायची, एवढाच त्याचा अर्थ.

उलट बाजूही सांगायला हवी. स्कॅनवर दिसलेली प्रत्येक गोष्ट दोषी नसते. अरॅक्नॉइड सिस्ट, म्हणजे पाण्याची छोटी पिशवी, कित्येक निरोगी मुलांत असते. ती डावीकडे आणि फिट उजवीकडून, असं असताना 'सिस्टमुळे फिट' म्हणून तिच्यावर शस्त्रक्रिया करायची घाई कोणी करत असेल, तर दुसरं मत घ्या.

पेट स्कॅन

पेटमध्ये किरणोत्सारी फ्लोरीन जोडलेली साखर शिरेतून देतात. मेंदूचा जो भाग फिट निर्माण करतो तो दोन फिटच्या मधल्या काळात बहुधा साखर कमी वापरतो, म्हणून चित्रात फिका दिसतो. एमआरआय नॉर्मल असताना हा फिकेपणा रेडिओलॉजिस्टला नेमक्या घडीपर्यंत नेतो. हॅरी चुगानी यांच्या गटाने १९९० च्या सुमारास इन्फन्टाइल स्पॅझम असलेल्या काही बाळांमध्ये असेच एका जागेचे दोष पेटवर दाखवले.

पण फिका भाग खऱ्या उगमापेक्षा बराच मोठा दिसतो. त्यामुळे पेट बाजू आणि परिसर सांगतो, कापायची सीमा सांगत नाही. इंजेक्शन दिल्यावर साखर मेंदूत शिरण्याच्या साधारण अर्ध्या तासात मूल शांत, मंद उजेडाच्या खोलीत हवं आणि शक्यतो ईईजी चालू हवा. त्याच वेळी नकळत एक छोटी फिट येऊन गेली तर तीच जागा फिकी दिसण्याऐवजी उजळते, आणि हे माहीत नसलं तर बाजूच उलटी वाचली जाते. तुम्हाला काही हालचाल दिसली तर वेळेसकट सांगा. उपवास लागतो, रक्तातली साखर तपासतात, आणि किटोजेनिक आहाराबद्दल इथेही आधी कळवायचं, कारण मेंदू साखरेऐवजी चरबीपासून बनणाऱ्या किटोनवर चालत असला की साखरेचं चित्र बदलतं. या फ्लोरीनचं प्रमाण दर ११० मिनिटांनी निम्मं होतं, त्यामुळे ते त्याच दिवशी संपत जातं. चित्र वाचताना ते एमआरआयवर बसवूनच वाचलं जावं, असा आग्रह धरा.

स्पेक्ट : फिट चालू असतानाचं चित्र

फिट जिथून सुरू होते तिथे रक्तप्रवाह एकदम वाढतो. किरणोत्सारी टेक्निशियम जोडलेलं औषध त्या क्षणी शिरेत गेलं तर ते मिनिटभरात मेंदूत जाऊन तिथेच चिकटून बसतं आणि पुढचे काही तास हलत नाही. म्हणून मूल सावरल्यावर सावकाश स्कॅन केला तरी चित्र फिटच्या क्षणाचंच येतं.

सगळी कसोटी त्या क्षणाची आहे. नर्स भरलेली सिरिंज शिरेच्या नळीला जोडून पलंगापाशी बसलेली असते, समोर ईईजीचा पडदा. फिटची पहिली खूण दिसताच औषध आत जायला हवं. अर्धं मिनिट उशीर झाला की फिट शेजारी पसरलेली असते आणि चित्र उगमाऐवजी पसरल्याचं येतं. मेंदूच्या पुढच्या भागातून येणाऱ्या फिट तर मुलांत कित्येकदा वीस सेकंदांत संपूनही जातात. अशा वेळी पलंगाशेजारी बसलेली आई पहिली खूण यंत्राच्या आधी ओळखते. बटण दाबायला किंवा हाक मारायला संकोच करू नका. रिपोर्टमध्ये 'फिट सुरू झाल्यावर किती सेकंदांनी इंजेक्शन' हे लिहिलं आहे ना, ते बघा. तो आकडा नसेल तर त्या रिपोर्टचं वजन ठरवता येत नाही.

फिट नसतानाचा दुसरा स्पेक्ट वेगळ्या दिवशी करतात. पहिल्यातून दुसरा वजा करून उरलेला भाग एमआरआयवर बसवला, की जागा जास्त स्पष्ट होते.

मेग

मेंदूतल्या विजेमुळे तयार होणारं अतिशय क्षीण चुंबकीय क्षेत्र मेग (मॅग्नेटोएन्सेफॅलोग्राफी) मोजतं. कवटी ईईजीचे संकेत पसरवून टाकते, चुंबकीय क्षेत्राला मात्र तिची फारशी आडकाठी नसते. घड्यांच्या भिंतींमधून येणाऱ्या लहरी मेगला चांगल्या दिसतात. इंजेक्शन नाही, आवाज नाही, किरणं नाहीत. जुन्या यंत्रात डोकं एका ठरावीक टोपात स्थिर ठेवावं लागतं आणि तो टोप मोठ्यांच्या मापाचा असतो. नव्या सेन्सरच्या हलक्या हेल्मेटमुळे मुलाला थोडं हलता येतं. यंत्रं मोजक्याच ठिकाणी आहेत, म्हणून मेग उपलब्ध नसेल तर खचून जाऊ नका. जास्त इलेक्ट्रोडचा ईईजी घेऊन संगणकाने उगम काढण्याची पद्धत अनेक मुलांत उपयोगी पडते.

काय वाचवायचं, त्याचा नकाशा

उगम सापडला तरी शेजारी काय आहे हे कळल्याशिवाय पुढे जाता येत नाही. फंक्शनल एमआरआयमध्ये मुलाला बोटं हलवायला, मनात शब्द आठवायला सांगतात आणि कोणता भाग जागा होतो ते बघतात. त्याला मुलाचं सहकार्य लागतं. डीटीआय या एमआरआयच्याच प्रकारात हातापायांकडे जाणाऱ्या आणि दृष्टीच्या तंतूंची वाट दिसते. लहान वयातल्या मेंदूला एक मोठी सवलत असते: डाव्या बाजूला फार लवकर इजा झाली असेल तर भाषा उजवीकडे सरकलेली असू शकते. म्हणून मोठ्यांचा नकाशा गृहीत न धरता प्रत्येक मुलाचा स्वतंत्र काढावा. मानसशास्त्रज्ञांची स्मरण, भाषा आणि शिकण्याची चाचणीही याच टप्प्यावर व्हायला हवी.

सगळं एका टेबलावर

समजा, सात वर्षांचा मुलगा आहे. झोपेत रात्रीतून अनेकदा डावा हात ताठ होतो, वीस सेकंदांत संपतं. एमआरआय नॉर्मल. ईईजीवर उजवा पुढचा भाग, पण पुसट. पेटमध्ये उजवीकडे पुढे एक फिका पट्टा. आता रेडिओलॉजिस्ट तोच एमआरआय उघडून त्याच पट्ट्याखालच्या घड्या एकेक करून बघतात आणि एका घडीच्या तळाशी पुसट झालेली रेघ सापडते. चार कमकुवत पुरावे एकाच जागी आले की त्यांचं बळ वाढतं. उलट पेट उजवीकडे, स्पेक्ट डावीकडे आणि व्हिडिओ तिसरंच काही सांगत असेल, तर सर्वांत सुंदर रंगीत चित्रावर विश्वास ठेवून पुढे जाणं धोक्याचं.

हे जुळवणं न्यूरोलॉजिस्ट, न्यूरोसर्जन, रेडिओलॉजिस्ट, ईईजी वाचणारे आणि मानसशास्त्रज्ञ यांनी एकत्र बसून करायचं असतं. 'बैठकीत काय ठरलं, कोणते पुरावे जुळले आणि कोणते जुळले नाहीत' हे लेखी मागा.

पुरावे जवळपास जुळतात पण सीमा कळत नाही, तेव्हा स्टिरिओ ईईजी करतात. कवटीला बारीक छिद्रं पाडून, जेमतेम एक मिलिमीटर जाडीच्या तारा आधी ठरवलेल्या जागांपर्यंत पोचवतात आणि काही दिवस फिटची वाट बघतात. पॅरिसमध्ये ताल्लेराक आणि बांको यांनी १९५० नंतर ही पद्धत घडवली. तारा जिथे आहेत तिथलंच ऐकू येतं, म्हणून आधीच्या स्कॅनवरून केलेला अंदाज चुकला असेल तर तारांनाही उगम सापडत नाही.

निर्णयासाठी लागणारे आकडे

दिल्लीच्या एम्समधल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २०१७ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आले. औषधांना दाद न देणारा अपस्मार असलेली ११६ मुलं त्यात होती. एका वर्षाने शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ७७ टक्के मुलं फिटमुक्त होती, फक्त औषधांवरच्यांपैकी ७ टक्के. त्याचबरोबर शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ३३ टक्के मुलांना गंभीर त्रास झाला, त्यात २६ टक्क्यांना शरीराच्या एका बाजूची कमजोरी आली. अर्धा मेंदू वेगळा करण्यासारख्या मोठ्या शस्त्रक्रियांत अशी कमजोरी बऱ्याचदा आधीच अपेक्षित असते. तुमच्या मुलासाठी फिटमुक्त होण्याचा आणि गंभीर त्रासाचा, हे दोन आकडे काय आहेत, ते सर्जनना थेट विचारा. एमआरआयवर दोष स्पष्ट दिसत असेल तर फिटमुक्त होण्याची शक्यता साधारणपणे जास्त असते.

शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांनी एमआरआय पुन्हा करतात, ठरवलेला भाग पूर्ण निघाला का हे पाहण्यासाठी. औषधं लगेच थांबत नाहीत. डॉक्टर ती कधी आणि किती कमी करायची ते या स्कॅनवरून, ईईजीवरून आणि काढलेल्या तुकड्याच्या तपासणीवरून ठरवतात. फिट पुन्हा सुरू झाल्या तर पहिला प्रश्न असतो, दोषाचा काठ मागे राहिला का? त्याचं उत्तर आधीचा आणि नंतरचा स्कॅन एकमेकांवर बसवून मिळतं. काठ राहिला असेल आणि तो काढण्याजोग्या जागी असेल, तर दुसऱ्या शस्त्रक्रियेचा विचार होतो.